‘कोणाच्या घरी’ हा रकाना

आमच्या नागपुरातील एका वाचनालयाने भारतीय कादंबरीकारांवर व्याख्यानमाला आखली आणि प्रत्येक लेखकाची आठ-दहा पानांची चरित्रनोंद असलेली पुस्तिका श्रोत्यांच्या हाती द्यावी असे ठरवले, तेव्हा माझ्या वाट्याला बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय आले. शाळेत अनेक वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला हे काम तीन आठवड्यांचे वाटले होते. शरच्चंद्र काही मला नवे नव्हते. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून माझ्या आईच्या पिढीने ते वाचले होते, त्या पिवळ्या पडलेल्या प्रती आमच्या माळ्यावरच्या पेटीत होत्या, आणि लहानपणी कित्येक वर्षे मी हा लेखक मराठीच समजत होते. प्रत्यक्षात त्या आठ-दहा पानांनी माझे नऊ महिने घेतले, आणि त्यातला बहुतेक वेळ लेखकावर नव्हे, त्याच्या नातेवाइकांवर खर्च झाला.

सुरुवात शहाण्या माणसासारखी केली. दोनशे पानी वही घेतली, तिच्यात उभ्या रेघा मारून तीन रकाने केले: साल, गाव, घटना. पहिल्याच दिवशी जन्मतारखेपाशी अडले. बंगाली पुस्तकांत ३१ भाद्र १२८३ असे लिहिलेले असते. आपल्याकडे भाद्रपद म्हटला की तिथी आली, शुद्ध-वद्य आले. एकतिसावी तिथी कुठून काढायची? बंगाली महिने सौर असतात, त्यांत तारखा मोजतात आणि भाद्र महिना एकतीस दिवसांचा असतो, हे मला आमच्या इमारतीतील एका बंगाली गृहस्थांच्या पत्नीने सांगितले. त्यांचे सासरे रेल्वेच्या नोकरीपायी नागपुरात आले आणि इथेच राहिले, त्यामुळे त्या मराठी आमच्याइतकेच चांगले बोलतात. मी त्यांना काकू म्हणते, जरी त्या माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या आहेत, आणि त्या मला ‘दिदी’ म्हणतात, जरी मी त्यांच्याहून धाकटी आहे. पुढे नात्यांचा जो घोळ होणार होता, त्याची ही नांदीच होती.

काकूंनी रीत सांगितली ती सोपी होती: बंगाली सालात ५९३ मिळवले की इसवी सन येतो. १२८३ अधिक ५९३ म्हणजे १८७६, आणि तारीख १५ सप्टेंबर. तोच हिशेब मी मृत्युतिथीला लावला. २ माघ १३४४ म्हणजे १९३७ असे वहीत लिहून मोकळी झाले. तीन दिवसांनी दुसऱ्या एका पुस्तकात १६ जानेवारी १९३८ असे वाचले आणि छापणाऱ्याची चूक म्हणून पेन्सिलीने त्या पानावर प्रश्नचिन्हही काढून ठेवले. चूक अर्थात माझी होती. बंगाली वर्ष एप्रिलच्या मध्यापासून सुरू होते, म्हणून पौषाच्या मध्यापर्यंत ५९३ मिळवायचे आणि जानेवारी उजाडल्यावर ५९४. ते प्रश्नचिन्ह नंतर खोडले. पुस्तक वाचनालयाचे होते.

लिपी शिकायला सहा आठवडे लागले. काकूंच्या नातवाचे अक्षरांचे पुस्तक उसने आणले आणि रोज सकाळी अर्धा तास गिरवत बसले. मराठी माणसाला ही लिपी अर्धी ओळखीची वाटते आणि तिथेच ती फसवते. ‘ब’ आणि ‘व’ या दोहोंना एकच अक्षर, त्याखाली टिंब दिले की तोच ‘र’. ‘य’सारखे दिसणारे अक्षर ‘ज’ म्हणून उच्चारायचे. त्यामुळे शरच्चंद्रांचे लेखन ज्यात येत असे ते मासिक लिहायचे ‘यमुना’ आणि वाचायचे ‘जमुना’. आडनावांची तर निराळीच गंमत. चट्टोपाध्याय आणि चॅटर्जी एकच, गंगोपाध्याय आणि गांगुली एकच, बंद्योपाध्याय आणि बॅनर्जी एकच. एकाच माणसाचे आडनाव दोन पुस्तकांत दोन तऱ्हांनी आले की मी दोन माणसे मांडत असे. महिनाभरात माझ्या वहीत शरच्चंद्रांच्या आप्तांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली होती.

आता कुटुंबाकडे येते. शरच्चंद्रांचा जन्म हुगळी जिल्ह्यातील देवानंदपूरचा. वडील मोतीलाल, आई भुवनमोहिनी. थोरली बहीण अनिला, धाकटी भावंडे प्रभास, प्रकाश आणि सुशीला. लहानपणी मुलाला घरात ‘न्याडा’ म्हणत, म्हणजे डोक्याचा गोटा केलेला. मोतीलाल कथा, कादंबऱ्या, नाटके, कविता असे सर्व काही लिहीत आणि त्यातले काहीही पुरे करीत नसत. नोकरीचेही तसेच. वडिलांकडून आपल्याला भटका स्वभाव आणि साहित्याची ओढ याखेरीज काही मिळाले नाही, त्यांच्या अर्धवट वह्या वाचून पुढे काय झाले असेल याचा विचार करण्यात आपण रात्री जागून काढल्या, अशा अर्थाचे शरच्चंद्रांनीच लिहून ठेवले आहे. हे वाचल्यावर मोतीलालांविषयी मला राग यायला हवा होता, पण आला नाही. अपुऱ्या वह्यांचा असा वाचक घरातच भेटणे सगळ्यांच्या नशिबी नसते.

मोतीलालांचा संसार चालला तो मुख्यतः सासऱ्यांच्या आधारावर. भुवनमोहिनींचे वडील केदारनाथ गंगोपाध्याय बिहारातील भागलपूरला स्थायिक झालेले होते. घर मोठे, एकत्र, शिस्तीचे. देवानंदपुरात भागेनासे झाले की मोतीलाल बायकामुलांसह भागलपूरला जाऊन राहत. आपण ज्याला घरजावई म्हणतो त्याला बंगालीत ‘घरजामाई’ म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना काकूंच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मराठी बाईच्या चेहऱ्यावर आला असता तसाच होता. आजोळाला बंगालीत ‘मामार बाडी’, मामाचे घर. बंगाल्यांत ‘मामाच्या घरचा हट्ट’ असा वाक्प्रचारच आहे. जिथे काहीही मागितले तरी मिळते असे ते ठिकाण. आपल्याकडेही मामाचा गाव म्हणजे सुट्टी. पण ज्या मुलाला सुट्टी संपल्यावरही तिथेच राहायचे असते, त्याच्यासाठी ते घर निराळे असणार. पतंग, भटकंती आणि गोट्या यांवर वडीलधाऱ्यांची करडी नजर असलेल्या त्या घरातून निसटून शरच्चंद्र राजेंद्रनाथ मजुमदार नावाच्या धाडसी मुलाबरोबर गंगेवर जात, आणि तोच राजू पुढे ‘श्रीकांत’मधील इंद्रनाथ झाला.

इथे माझी खरी फजिती सुरू झाली. भागलपूरच्या घरातले मामा मोजता मोजता मी हैराण झाले. केदारनाथांना भाऊ होते, त्या भावांना मुलगे होते, आणि ते सगळे शरच्चंद्रांचे मामा. त्यातले काही वयाने भाच्याच्या बरोबरीचे किंवा त्याच्याहून लहान. उपेंद्रनाथ गंगोपाध्याय हे मामा भाच्याहून पाच वर्षांनी धाकटे होते. पुढे त्यांनी ‘विचित्रा’ मासिक चालवले आणि विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ‘पथेर पांचाली’ प्रथम त्यातच क्रमशः आली. त्यामुळे भागलपूरच्या तरुण मंडळींच्या लेखनाच्या गटात ‘विभूतिभूषण’ हे नाव दिसले तेव्हा मी उत्साहाने ‘पथेर पांचाली’वाल्यांना तिथे बसवून दिले. ते निघाले विभूतिभूषण भट्ट, ज्यांची बहीण निरुपमा देवी पुढे स्वतः नावाजलेली कादंबरीकार झाली. ‘पथेर पांचाली’चे विभूतिभूषण १८९४ साली जन्मले, आणि शरच्चंद्रांनी एंट्रन्सची परीक्षा दिली ती नेमकी त्याच साली. एक पान फाडावे लागले.

अघोरनाथांनी तर एक पूर्ण आठवडा खाल्ला. आजोबांचे एक धाकटे भाऊ अघोरनाथ गंगोपाध्याय. रंगूनला वकिली करणारे मावशीचे यजमान अघोरनाथ चट्टोपाध्याय. आणि हे दोघे कमी पडले म्हणून की काय, सरोजिनी नायडूंचे वडील, हैदराबादचे शिक्षणतज्ज्ञ, तेही अघोरनाथ चट्टोपाध्यायच. मी काही दिवस शरच्चंद्र आणि सरोजिनीबाई यांना मावसभावंडे मानून फार खूश होते आणि ही बातमी वाचनालयाच्या चिटणीसांना फोन करून सांगितलीही होती. नंतर पुन्हा फोन करावा लागला. ते सभ्य गृहस्थ ‘बरे झाले छापण्याआधी कळले’ एवढेच म्हणाले.

या गोंधळातूनच मी वहीत चौथा रकाना आखला: ‘कोणाच्या घरी’. साल, गाव आणि घटना यांच्या रकान्यांतून चरित्र नुसते पुढे सरकत होते. हा चौथा रकाना भरू लागल्यावर ते मला दिसू लागले. बालपण देवानंदपूर आणि भागलपूर यांच्यामध्ये, म्हणजे कर्जापायी शेवटी विकाव्या लागलेल्या वडिलांच्या घरी आणि आजोबांच्या घरी. १८९५ मध्ये आई गेली. पुढच्या परीक्षेचे शुल्क भरायला पैसे नव्हते, शिक्षण तिथेच संपले. मग घर सोडून संन्याशाच्या वेषात भटकणे. मुझफ्फरपूरला असताना वडील गेल्याची वार्ता आली. धाकटी भावंडे कोणी आप्तांकडे, कोणी ओळखीच्यांकडे ठेवली आणि शरच्चंद्र कलकत्त्याला नात्यातल्या एका वकील मामांकडे आले. त्या घरी हिंदी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करायचे, महिना तीस रुपये. तिथून १९०३ च्या जानेवारीत बोटीने रंगूनला, मावशीच्या यजमानांच्या घरी. बंगालीत मावशीच्या नवऱ्याला ‘मेसोमशाय’ म्हणतात. नात्यातला आदर शेवटच्या ‘मशाय’मध्ये. हे मेसोमशाय लवकरच वारले आणि वयाच्या तिशीच्या आतच शरच्चंद्रांचा रकाना प्रथमच कोरा पडला. त्यांना पुढे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हिशेब कचेरीत कारकुनी मिळाली आणि ते कारागिरांच्या वस्तीत, लाकडी घरात राहू लागले.

याच रकान्याच्या शेजारी मला पाचवा रकाना सुचला तो दुसऱ्या एका चुकीमुळे. टिपणे काढताना मी दोन लेखकांची नावे ‘समकालीन’ म्हणून वेगळी लिहून ठेवली होती. एक सुरेंद्रनाथ गंगोपाध्याय, ज्यांच्या ‘मंदिर’ या कथेला १९०३ साली कुंतलीन पुरस्कार मिळाला. कुंतलीन हे केसांच्या तेलाचे नाव; ते बनवणारे हेमेंद्रमोहन बोस दरवर्षी कथास्पर्धा घेत आणि कथांमध्ये तेलाची जाहिरात खुबीने यावी अशी त्यांची अपेक्षा असे. दुसरी अनिला देवी, जिने ‘नारीर मूल्य’ ही स्त्रियांच्या समाजातील स्थानाविषयीची धारदार लेखमाला १९१३ च्या सुमारास ‘यमुना’त लिहिली. ही अनिला देवी कोण, त्या काळात इतके वाचलेली ही बाई पुढे कुठे गेली, असे मी काकूंना विचारले तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. ‘दिदी, ती त्याची दिदी ना!’ कथा शरच्चंद्रांची, नाव मामाचे. लेख शरच्चंद्रांचे, नाव थोरल्या बहिणीचे. रंगूनला जाण्यापूर्वी स्पर्धेला कथा पाठवताना त्यांनी मामाचे नाव घातले, आणि बक्षीस जाहीर झाले तेव्हा खरा लेखक समुद्रापलीकडे नोकरी शोधत होता. १९०७ मध्ये ‘भारती’ मासिकात त्यांची ‘बडदिदि’ ही कादंबरी छापून आली ती त्यांना न विचारताच. पहिल्या हप्त्यांवर लेखकाचे नाव नव्हते आणि वाचकांना वाटले की हे रवींद्रनाथांचेच लेखन. म्हणजे आयुष्याची पहिली तीस वर्षे घर दुसऱ्याचे, आणि पहिली दहाएक वर्षे लेखनावरचे नावही दुसऱ्याचे. पाचव्या रकान्याला मी ‘कोणाच्या नावाने’ असे शीर्षक दिले.

रंगूनचा भाग मी लवकर लिहून टाकला, कारण तो लिहिताना बरे वाटत नव्हते. तिथे शांती नावाच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला, मुलगा झाला, आणि प्लेगने दोघेही गेले. नंतर मेदिनीपूरकडच्या मोक्षदा नावाच्या मुलीशी संसार झाला. तिचे नाव त्यांनी हिरण्मयी ठेवले आणि तिला लिहायला-वाचायला शिकवले. १९१२ मध्ये घराला आग लागून ग्रंथसंग्रह, ‘चरित्रहीन’चे हस्तलिखित आणि स्वतः काढलेले ‘महाश्वेता’ हे चित्र जळून गेले. ‘चरित्रहीन’ त्यांनी पुन्हा लिहून काढली. प्रकृती बिघडल्यावर १९१६ साली नोकरी सोडून ते परतले आणि हावड्याला बाजे शिवपूरला भाड्याच्या घरात राहू लागले. तोपर्यंत बंगालभर त्यांचे नाव झाले होते.

मसुदा तयार झाला, पण सामताबेडविषयी, म्हणजे शरच्चंद्रांनी पुढे जिथे घर बांधले त्या गावाविषयी, लिहिलेला परिच्छेद मला पटेना. ऐकीव वाटत होता. म्हणून डिसेंबरात मी आणि काकू हावडा गाडीत बसलो. नागपूरहून जाणारी गाडी खरगपूर सोडल्यावर कोलाघाटला रूपनारायण नदी ओलांडते, आणि पूल संपल्यावर थोड्याच वेळात देऊलटी नावाचे लहानसे स्थानक जाते. शरच्चंद्रांच्या घराचे स्थानक तेच. आमची गाडी तिथे थांबत नाही. ज्यासाठी हजारांहून अधिक किलोमीटर आलो ते गाव खिडकीतून मागे गेले, आणि आम्ही हावड्याला उतरून दुसऱ्या दिवशी लोकलने उलट्या दिशेने परत तिथे आलो. देऊलटीहून ‘टोटो’ मिळते, म्हणजे आपली ई-रिक्षा.

घर दुमजली आहे, ब्रह्मदेशी वळणाच्या बांधणीचे, रुंद व्हरांड्यांचे, भोवती झाडे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते बांधले तेव्हा नदी घराच्या पायथ्याशी वाहत असे. आता ती दूर सरकली आहे आणि व्हरांड्यात उभे राहिले की शेते दिसतात. १९७८ च्या महापुरात या घराचे बरेच नुकसान झाले, नंतर ते दुरुस्त करण्यात आले. मी तिथे एकच गोष्ट विचारण्यासाठी गेले होते: इतका भटकलेला माणूस नेमका याच गावी घर बांधायला का आला? उत्तर घर दाखवणाऱ्या गृहस्थांनी हात लांब करून दिले. शेजारचे गाव गोविंदपूर. अनिला देवींचे सासर. जिचे नाव वापरले, त्या बहिणीच्या शेजारी येऊन त्यांनी पहिले स्वतःचे घर बांधले होते. पुस्तकांत हे वाक्य मी दोनदा वाचून ओलांडले होते. तिथे उभी असताना मात्र काकूंनी माझ्याकडे पाहिले आणि मी पिशवीतून वही काढून चौथ्या रकान्यात प्रथमच ‘स्वतःच्या’ असे लिहिले.

आवारात तीन समाध्या आहेत. एक धाकटा भाऊ प्रभास याची, जो रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन स्वामी वेदानंद झाला. ज्याने घर सोडून संन्याशाच्या वेषात भटकून पाहिले तो थोरला भाऊ गृहस्थ झाला आणि ज्याला परक्यांकडे ठेवून जावे लागले तो धाकटा खरोखर संन्यासी झाला. दुसरी समाधी शरच्चंद्रांची आणि तिसरी हिरण्मयी देवींची, ज्या त्यांच्यामागे वीसहून अधिक वर्षे जगल्या. काकूंनी चपला काढून नमस्कार केला. मी समाध्यांचा क्रम वहीत टिपून घेतला आणि मग नमस्कार केला. सवय जात नाही.

देवानंदपूरला आम्ही दुसऱ्या दिवशी बॅंडेलमार्गे गेलो. तिथे फार वेळ घालवला नाही. या गावाचा बंगाली साहित्याशी संबंध शरच्चंद्रांहूनही जुना आहे, कारण अठराव्या शतकातील कवी भारतचंद्र राय याच गावी राहून फारसी शिकले, आणि गावकऱ्यांना दोघांचाही सारखाच अभिमान असल्याचे जाणवले. भागलपूर राहून गेले. खरे तर माझ्या वहीप्रमाणे तिथेच आधी जायला हवे होते.

परत आल्यावर मसुदा पुन्हा लिहिला. व्याख्यानमालेच्या पुस्तिकांचा साचा ठरलेला होता: जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा, सन्मान. त्यातले मी दिले, कारण द्यायलाच हवे होते: १९२१ पासून हावडा जिल्हा काँग्रेसचे अध्यक्षपद, १९२६ साली पुस्तकरूपाने निघून सरकारने जप्त केलेली ‘पथेर दाबी’, १९२३ चे जगत्तारिणी पदक, १९३६ ची ढाका विद्यापीठाची डॉक्टरेट, कलकत्त्यातील १९३४ चे घर. हे सगळे दीड पानात बसले. उरलेली पाने नातेवाइकांनी भरली. संपादक मंडळातील एका सदस्यांनी ‘एवढे मामा कशाला?’ असा शेरा समासात लिहून पाठवला. मी उत्तरादाखल शरच्चंद्रांच्या कादंबऱ्यांतील अशा पात्रांची यादी जोडली, जी दुसऱ्याच्या घरी वाढतात, दुसऱ्याच्या अन्नावर जगतात, किंवा ज्यांना आसरा देणारी बाई नात्याने सख्खी नसते आणि मायेने असते. यादी दोन पाने झाली. शेरा मागे घेतला गेला.

शेवटचे काम वंशवृक्षाचे होते. एका पानावर तो मावावा म्हणून मी चार वेळा काढला. वडिलांची बाजू डाव्या कोपऱ्यात बोटभर जागेत संपत होती आणि आईकडच्या गंगोपाध्यायांच्या फांद्या पानाच्या उजव्या कडेला जाऊन टेकत होत्या. अक्षरजुळणी करणाऱ्या तरुणाचा फोन आला.

‘बाई, हे पान उलटे तर पाठवले नाही ना तुम्ही? ही त्यांच्या आईची वंशावळ दिसते आहे.’

‘नाही, त्यांचीच आहे,’ मी म्हटले. ‘तशीच राहू द्या. फक्त अघोरनाथ दोन आहेत. त्यांची आडनावे नीट पाहून घ्या.’